घारापुरी की सिंधुदुर्ग? गटाची सहल ठरवताना

भात कापून झालं, झोडणीही उरकली, की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: यंदा सहल कुठे? देवदर्शन तर होतंच, पण आता बऱ्याच गटांतल्या ताई म्हणतात, "एकदा समुद्रातलं बेट बघायचंय." म्हणून आजच्या भागात आपण महाराष्ट्रातल्याच दोन बेटांविषयी बोलू. एक मुंबईजवळचं घारापुरी, दुसरं मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला ज्याच्यावर उभा आहे ते कुरटे बेट. दोन्हीकडे होडीनंच जायचं, पण बाकी सगळं वेगळं.

आधी घारापुरी. बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं, पण बहुतेक लोक मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून बोटीनं जातात. साधारण तासाभराचा प्रवास. धक्क्यावरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालायचं आणि मग शंभरावर पायऱ्या. वर डोंगर पोखरून केलेली लेणी आहेत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. आतली तीन मुखांची शिवमूर्ती जवळजवळ वीस फूट उंच आहे. एका भिंतीवर शिव-पार्वतीचं लग्न कोरलंय, दुसरीकडे अर्धनारीनटेश्वर. १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पण बेटावरच्या वस्तीत समुद्राखालून तार टाकून वीज आली ती २०१८ साली! पायऱ्यांच्या कडेला काकडी-कैरी विकणाऱ्या तिथल्या बायकांशी दोन शब्द बोला, त्यांनी ती अंधारातली वर्षं काढली आहेत.

लक्षात ठेवा: सोमवारी लेणी बंद असतात. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही, म्हणून उतरतानाच शेवटची बोट किती वाजता ते विचारून घ्या. माकडं फार आहेत, खाण्याची पिशवी हातात उघडी ठेवू नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात. बसायच्या आधी दर ठरवा.

आता सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी याचा पाया घातला. अठ्ठेचाळीस एकरांचं बेट आणि भोवती सुमारे तीन किलोमीटरचा तट. मालवणच्या धक्क्यावरून होडी दहा-पंधरा मिनिटांत नेते. महादरवाजा असा वळणात बांधलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत महाराजांचं मंदिर आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलं. पण आपल्यासारख्या पाणी वाहून खांदे दुखवलेल्या बायकांना थांबवतात त्या तिथल्या विहिरी. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. किल्ल्यात बरंचसं चालणं सपाटीचं आहे, तटावर जायचं तर पायऱ्या. ऊन मात्र लागतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

इथे मात्र मुक्काम लागतोच. मालवण-तारकर्लीला घरगुती राहण्याची सोय मिळते. एक दिवस हाती असेल तर पुढे वेंगुर्ल्याला जा. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. आपल्यासारख्याच एका गटाचा हा व्यवसाय बघण्यासारखा आहे.

मग निवडायचं कसं? आमच्या गटांत आम्ही "कुठलं चांगलं?" हा प्रश्न आधी विचारत नाही. आधी विचारतो, "कोणाला यायला जमणार नाही आणि का?" एकीचे गुडघे, एकीचं अंगावर पिणारं लेकरू, एकीच्या घरी दोन रात्री बाहेर राहायला परवानगी नाही, एकीकडे पैसे नाहीत. ही कारणं भर बैठकीत कोणी बोलत नाही. ती "मला नाही आवडत फिरायला" असं म्हणून गप्प बसते. म्हणून समन्वयक ताईनं एकेकीशी वेगळं बोलावं. चौघी मागे राहिल्या तर ती गटाची सहल नव्हे.

मुंबईला पोचणं सोपं असेल आणि रात्री बाहेर राहणं अनेकींना जमत नसेल, तर घारापुरी. पण मुक्कामाची भीती वाटते एवढ्यासाठी सिंधुदुर्ग सोडू नका. पहाटे उठून रात्री परत आलेल्या बाईला सकाळी पुन्हा चूल आहेच. सकाळी उठल्यावर चहा आयता हातात मिळणं, हा विसावा मुक्कामाशिवाय मिळत नाही. घरच्यांना सहलीचा कागद दाखवा: कुठे राहणार, कोण सोबत, फोन नंबर काय. कागद पाहिला की बरेचदा घरच्यांचा विरोध मावळतो.

पैशाचं सांगतो. सहलीसाठी फिरत्या निधीला हात लावायचा नाही आणि अंतर्गत कर्जही घ्यायचं नाही. दरमहा ५० रुपये वेगळे काढले तर दहा महिन्यांत प्रत्येकीचे ५०० होतात, बारा जणींचे ६,०००. तेवढ्यात सगळं बसेलच असं नाही, पण सुरुवात होते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ही सवलत नेहमीच्या गाड्यांना धरा, सगळी गाडी ठरवायची असेल तर आगारात आधी विचारा. होडीचं भाडं आणि प्रवेशाचं तिकीट वेगळं. खर्चाचा अंदाज इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

शेवटी मतदान. दोन वाट्या झाकून ठेवा, प्रत्येकीला एक तुरीचा दाणा द्या. घारापुरी एका वाटीत, सिंधुदुर्ग दुसरीत. हात वर करायला लावलं तर अध्यक्षांकडे बघून हात वर होतात; दाणा कोणाकडे बघत नाही.

आणि होडीत बसताना, बेट कुठलंही असो, जॅकेट अंगात घालूनच बसा. "दहा मिनिटांचंच तर अंतर" असं होडीवाला म्हणाला तरी घाला. माणसं जास्त भरली असतील तर पुढच्या होडीची वाट बघा.

तुमच्या गटाच्या वाटीत कुठले दाणे जास्त पडले, ते आम्हाला नक्की कळवा.