एक केस आणि तीन हजार कोटी

एका व्याख्यानात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका सहज बोलून गेल्या, "माझी निम्मी नोकरी लीक शोधण्यात गेली." सभागृह हसलं. मला मात्र ते वाक्य स्वस्थ बसू देईना. म्हणून त्यांच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो.

दारातच तापलेल्या तेलाचा वास येतो. तो रोटरी पंपाचा. काचेच्या बेलजारमधली हवा आधी हा पंप उपसतो, मग डिफ्यूजन पंप. पुरेसं निर्वात झालं की आतलं ॲल्युमिनियम तापवून त्याच्या वाफेचा थर काचपट्टीवर बसवायचा. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी.

"पुरेसं म्हणजे किती?"

"दहाचा उणे सहावा घात टॉर." म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाचा साधारण अब्जावा हिस्सा. "तरी एका घनसेंटिमीटरमध्ये तीन हजार कोटी रेणू उरतातच." आणि स्वच्छ पृष्ठभागावर त्यांचा एक थर चढायला सेकंदभर पुरतो.

त्या दिवशी दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली उतरायलाच तयार नव्हता. संशोधक विद्यार्थिनी पिचकारीने एकेका सांध्यावर ॲसिटोन सोडत होती, नजर गेजवर. फट असली तर ॲसिटोनची वाफ आत शिरते आणि काटा उडी मारतो. झडप झाली, नळ्या झाल्या, विजेची तार आत जाते ती जागा झाली. काटा ढिम्म.

एम.एस्सी.चा तास संपवून मॅडम आल्या. खडूचे हातही न धुता पंपाशी कान नेला. "पंप बरा आहे. बेलजार उचल." बेलजारखालच्या रबरी कड्याला ॲसिटोन लावलं नव्हतं, त्याने रबर फुगतं. मॅडम कड्यावरून सावकाश बोट फिरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या. ग्रीजमध्ये एक केस चिकटला होता. पांढरा. "माझाच दिसतोय," म्हणाल्या आणि चिमट्याने उचलला.

प्राध्यापकीची वाट ठरलेली: नेट, पीएच.डी., मग बढत्यांची शिडी. यूजीसीच्या नियमाने प्राध्यापकाने आठवड्याला 14 तास शिकवायचं. त्याशिवाय पेपर तपासणी, समित्या, साध्या गेजसाठीही कोटेशनं. वर्षाखेरीच्या अर्जात शोधनिबंधांना रकाना आहे, परिषदांना आहे. बोटाला केस लागण्याला नाही. मला विचाराल तर त्या मुलीच्या पदरात त्या दिवशी जे पडलं, ते कुठल्याही परिषदेत मिळालं नसतं.

कडं पुसलं, नवं ग्रीज लावलं, पंप पुन्हा सुरू झाले. चारच्या सुमारास काटा उणे सहावर आला.

"आता तीन हजार कोटी उरले," विद्यार्थिनी म्हणाली.

"चालतील," म्हणत मॅडमनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला.