बंदीच्या दोन महिन्यांसाठी कांदा मे महिन्यातच वाळवा



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद. नदीशी जोड नसलेले लहान तलाव सोडले तर डोंगा काठावर आणि जाळं खुंटीला. घरात येणारा पैसा आटतो, किराणा काही थांबत नाही. त्यातला कांद्याचा खर्च तरी आपल्या हातात आहे, म्हणून आज मासोळी सोडून कांद्यावर लिहितोय.

रब्बीचा कांदा एप्रिल-मे मध्ये निघतो. पांढुर्णा-सौंसरच्या बाजारात तेव्हा तो स्वस्त असतो. पुढे खरिपाचा नवा माल येईपर्यंत सगळा कारभार साठवणीच्या कांद्यावर, आणि भाव चढतो. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काय झालं ते आठवत असेलच. शेवटी ८ डिसेंबरला केंद्राने निर्यातच थांबवली. बरं, पोतं भरून ठेवावं तर पावसात कांदा सडतो, नाहीतर कोंब फुटतात. वाळवलेला मात्र डब्ब्यात बसतो.

हिशेब सोपा आहे. १० किलो कांदा सोलून, वाळवून साधारण १ किलो उरतो. समजा १५ रुपये किलोने घेतला, तर किलोभर वाळलेला कांदा १५० रुपयांत आणि दोन-तीन दिवसांच्या मेहनतीत घरात आला.

कांदा शक्यतो पांढरा घ्या. त्यात पाणी कमी, म्हणून उतारा जास्त. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याला कांदा वाळवायचे कारखानेच कारखाने आहेत, ते पांढऱ्यावरच चालतात. जळगावची जैन कंपनीही शेतकऱ्यांशी करार करून पांढराच घेते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं ‘अकोला सफेद’ वाण आपल्या बाजूच्या हवेतलं आहे. पांढरा नाहीच मिळाला तर लहान, कडक लाल कांदाही चालतो, फक्त वाळायला वेळ घेतो.

काप पातळ आणि एकसारखे करा. जाड-पातळ झाले की पातळ करपतात आणि जाड ओले राहतात. बाजेवर धुतलेलं सुती लुगडं टाकून एकेरी थर पसरा, म्हणजे खालूनही हवा लागते. वरून पातळ कापड. दिवसातून दोन-तीनदा हलवा, संध्याकाळी घरात घ्या. मे महिन्याच्या आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात.

एक गोष्ट आपल्याच घरांसाठी सांगतो. ज्या चटईवर झिंगे, मासोळी वाळवता तिच्यावर कांदा नको, आणि माशा बसू नये म्हणून जुनं जाळंही पांघरू नका. तो वास कांदा धरून ठेवतो, मग वरणाच्या फोडणीलाही झिंग्याचाच वास!

वाळला का ते बोटांनी बघा. कट्कन तुटला पाहिजे. वाकला तर आत पाणी आहे, आणखी एक ऊन द्या. पूर्ण थंड झाल्यावरच डब्ब्यात भरा, गरम भरला की झाकणाला घाम येतो. डब्बा घट्ट झाकणाचा, कोरडा. चार-पाच दिवसांनी उघडून पाहा, ओल वाटली तर परत उन्हात. हे सगळं पहिल्या पावसाआधीच उरकायचं, नंतर ऊन मिळणार नाही. काळी बुरशी दिसली तर धुऊन वापरायचा विचारही करू नका, फेकून द्या. पूड एकदम करू नका, पावसाळ्यात तिचा गोळा होतो. पंधरा दिवसांपुरतीच दळा.

आता रस्सा. काप कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग भाजलेलं खोबरं आणि खसखशीबरोबर वाटा. भिजवलेलं पाणी रश्श्यातच ओता, चव त्यात उतरलेली असते. एका मध्यम कांद्याला मोठा चमचाभर पूड धरा. कडकडीत तेलात पूड थेट टाकली की क्षणात जळते आणि रस्सा कडू होतो, म्हणून आधी थोड्या पाण्यात कालवा. मासोळी तळायची असेल तर हळद-तिखट-मिठात पूड मिसळून तुकड्यांना चोळा. ताज्या कांद्याचा झणका येत नाही हे खरं, पण गोडवा येतो. रात्री तलावावर राखणीला जाणाऱ्यांनी मूठभर काप पुडीत बांधून न्यावे. चिरायला नको, सडायची भीती नाही.

विकत घ्यायचा तर नागपूरला इतवारीतल्या मसाल्याच्या दुकानांत काप आणि पूड दोन्ही मिळतात. तळलेल्या कांद्याच्या पाकिटावर मात्र घटक वाचा, पुष्कळांत मैदा आणि तेल असतं. पूड दाबून गठ्ठा लागली तर घेऊ नका.

पोळ्याच्या करीला मासोळीला गिऱ्हाईक तुटून पडतं, आणि पांढुर्ण्यात त्याच दिवशी गोटमार, घरोघरी पाहुणे. मासोळीसोबत वाटणाची छोटी पुडी दिली तर लोक घेतील असं मला वाटतं. विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते. ज्या बचत गटांना करायचं आहे त्यांनी बंदी लागायच्या आत संस्थेच्या कार्यालयात नावं द्यावी, अर्ज एकत्र भरू.

— सचिव