छायाचित्रण : एक विद्या, एक व्यवसाय

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत शिक्षणविषयक काहीतरी लिहावे, अशी चालकांची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्याचा त्रास आम्हांस पडला नाही. त्याच आठवड्यात आमची एक माजी विद्यार्थिनी आपल्या आईवडिलांसह आमच्या घरी आली होती. मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली, गुण चांगले. न्यासाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तिने भरला होता. त्या अर्जात वैद्यक, अभियांत्रिकी, वाणिज्य, शिक्षणशास्त्र असे रकाने छापलेले आहेत आणि शेवटी ‘इतर’ असा एक रकाना आहे. त्या ‘इतर’पुढे तिने लिहिले होते – छायाचित्रण.

“सर, तुम्हीच हिला जरा समजावा,” आई म्हणाली. वडील म्हणाले, “फोटो तर हल्ली सगळेच काढतात. त्याचे शिक्षण ते कसले घ्यायचे?”

प्रश्न रास्त होता. ज्याच्या त्याच्या खिशात आज कॅमेरा आहे. तेव्हा जे काम सर्वांनाच येते, त्यासाठी चार वर्षे आणि घरची शिल्लक का खर्च करावी? मुलीला आम्ही त्या दिवशी काहीच समजावले नाही; उलट आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि आम्हीच थोडा अभ्यास केला. त्या अभ्यासाचे सार येथे देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, ही विद्या आपल्याला परकी नाही. आपण मराठी माणसे ज्या बडोद्यात पिढ्यान्पिढ्या राहत आलो, तेथे तिचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने 1890 साली येथे कलाभवन निघाले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा एक तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पुढे या कलाभवनात शिकावयास आला. तो चित्रकला शिकला, छायाचित्रणही शिकला. नंतर त्याने गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा थाटला. प्लेगात पत्नी आणि मूल गेल्यावर ते गाव सोडले. बडोद्यात पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली आणि तोही बसला, असे त्याच्या चरित्रात सांगतात. पुढे पुराणवस्तू खात्यात नोकरी, मग शिळाप्रेस आणि ठसे तयार करण्याचे काम, असे करीत करीत 1913 साली त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. हा तरुण म्हणजे दादासाहेब फाळके, हे वाचकांनी ओळखलेच असेल. त्यांनी शिकलेली एकही गोष्ट वाया गेली नाही; मात्र ती फळास येण्यास वीस-बावीस वर्षे लागली.

दुसरे उदाहरण इंदूरचे. लाला दीनदयाळ हे रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. इंदुरास बांधकाम खात्यात ते नकाशे आणि अंदाजपत्रके करीत. छायाचित्रण त्यांनी 1874 च्या सुमारास हाती घेतले. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांस उत्तेजन दिले. पुढे निजामाने त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमले व ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. इमारतीचा नकाशा काढणाऱ्या माणसाची नजर त्यांच्या किल्ल्यांच्या व राजवाड्यांच्या चित्रांत पदोपदी दिसते.

तिसरे उदाहरण मुलींच्या पालकांसाठी. होमाई व्यारावाला यांचा जन्म 1913 साली नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती आहे. आरंभी त्यांची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापून येत. बाईने काढलेल्या चित्रावर कोण भरवसा ठेवणार, असा तो काळ. 1942 साली त्या दिल्लीस गेल्या आणि स्वातंत्र्याच्या आगेमागेच्या कितीतरी प्रसंगी कॅमेरा घेऊन उभ्या राहिल्या. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्या बडोद्यातच राहत होत्या, आणि जानेवारी 2012 मध्ये येथेच वारल्या. आपल्याच गावात अशी बाई भाजी आणावयास बाहेर पडत होती, आणि आपल्यापैकी कितीजणांना ते ठाऊक होते?

आता या विद्येत शिकण्यासारखे काय आहे ते पाहू. शास्त्राचा भाग प्रथम घेऊ. नळाखाली घागर भरावयाची आहे असे समजा. नळ किती सोडला आणि किती वेळ सोडला, या दोहोंवर घागरीत पडणारे पाणी अवलंबून असते. घागर लहान असेल, तर थोड्या पाण्यातच भरते. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. भिंगाचे छिद्र म्हणजे नळाचे तोंड. त्याचे आकडे एफ 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 असे असतात, आणि एकेक पायरी वर गेले की आत येणारा प्रकाश निम्मा होतो. पडदा किती वेळ उघडा राहतो, म्हणजे सेकंदाचा 125 वा भाग की 250 वा, हा झाला वेळ. आणि आयएसओ 100, 200, 400 हे आकडे घागरीच्या लहानमोठेपणाचे : आकडा दुप्पट झाला की निम्म्या प्रकाशात काम भागते. जुने छायाचित्रकार एक सोपा नियम सांगत. लख्ख उन्हात छिद्र एफ 16 ठेवावे आणि आयएसओ 100 असेल, तर वेळ सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग ठेवावा. हा नियम आजच्या कॅमेऱ्यालाही लागू पडतो.

मोबाईल हे सारे गणित आपल्यासाठी आपणच करतो, म्हणून तर सर्वांनाच फोटो काढता येतो. परंतु यंत्र सर्वसाधारण हिशेब करते. वधूचे तोंड सावलीत आणि मागे ऊन असेल, दुकानातील चांदीचे भांडे चकाकत असेल, किंवा खेळाडू धावत असेल, तेथे तो हिशेब चुकण्याचा संभव असतो, आणि नेमके तेथेच लोक पैसे देऊन छायाचित्रकाराला बोलावतात. ज्याला हे गणित येते, तो यंत्राची चूक ओळखतो व सुधारतो.

गणिताहून कठीण भाग म्हणजे नजर. ती घडविण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. घरातील आजीला खिडकीशी बसवावे आणि सकाळी आठला, दुपारी बाराला व संध्याकाळी पाचला त्याच जागेवरून तिचे छायाचित्र घ्यावे. तिन्ही वेळा आजी तीच, पण चेहरे तीन दिसतील. असे महिनाभर केले, तर प्रकाश म्हणजे काय हे जसे कळते, तसे पुस्तकाने कळत नाही. पूर्वी फिल्मच्या एका रिळात छत्तीस चित्रे येत; प्रत्येक वेळी बटण दाबताना पैसे आठवत. आजच्या विद्यार्थ्याने आठवड्यातून एक दिवस तरी छत्तीसांचीच मर्यादा पाळावी, असे आम्ही सुचवितो.

यापुढची पायरी निवडीची. कलासंस्थेच्या मुलाखतीत किंवा काम देणाऱ्यापुढे जो चित्रसंग्रह ठेवावयाचा असतो, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. आमच्या विद्यार्थिनीने आम्हांस चारशे फोटो दाखविले. फुले, सूर्यास्त, मांजर, लग्न, पतंग. आम्ही विचारले, “यांतले पंधरा ठेवायचे झाले तर?” ती रडकुंडीस आली. पण खरी परीक्षा तीच आहे. पंधरा-वीस चित्रे, तीही एकमेकांशी नाते असणारी : एखादी गल्ली, एखादा कारागीर, एखादे घर. एक कच्चे चित्र शेजारच्या चांगल्या चित्राचीही किंमत कमी करते. बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये आधी शिकलेले व नंतर शिकविणारे चित्रकार ज्योती भट्ट यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खेड्यापाड्यांतील भिंतींवरची चित्रे, रांगोळ्या, गोंदणे यांची छायाचित्रे घेतली. एकच विषय वर्षानुवर्षे धरल्यामुळे ते काम आज लोककलेचा ठेवा ठरले आहे. त्यांना 2019 साली पद्मश्री मिळाली.

शिक्षणाच्या सोयीही जवळ आहेत. बडोद्याच्या विद्यापीठाची फाइन आर्ट्स शाखा 1950 सालापासून चालू आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 साली निघाली. छायाचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ती आपल्या गांधीनगरच्या आवारात चालविते. दिल्लीच्या जामिया मिल्लियातही जनसंज्ञापनाचे जुने केंद्र आहे. वृत्तछायाचित्रकार दानिश सिद्दिकी तेथलेच. 2018 साली पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या चमूत ते होते. 2021 च्या जुलैत अफगाणिस्तानातील लढाईचे चित्रण करताना ते मारले गेले. या व्यवसायात जोखीमही असते, ही गोष्ट विद्यार्थ्यापासून लपवू नये.

आता पोटापाण्याचा प्रश्न. लग्नसमारंभ, मालाची जाहिरात, इमारती, वृत्तपत्रे, संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी अशी अनेक कामे या व्यवसायात आहेत. पण हिशेब न येणारा कलावंत त्यांत लवकर बुडतो. समजा, कॅमेरा आणि भिंगे मिळून 1,20,000 रुपयांना घेतली आणि ती चार वर्षे टिकली. म्हणजे वर्षाची झीज 30,000 रुपये. वर्षात साठ कामे मिळाली, तर प्रत्येक कामामागे 500 रुपये नुसते यंत्राचेच गेले. एका दिवसाच्या चित्रणामागे निवड व दुरुस्तीचे आणखी दोन दिवस बसतात, तेही दरात धरले पाहिजेत. चित्रांच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. कुणाच्या लग्नाची चित्रे हरवली, तर ते लग्न पुन्हा लावता येत नाही.

कायदाही माहीत हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो. म्हणून काम घेतानाच दोन ओळींचा का होईना, लेखी करार करावा. 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. आणि कायद्याच्याही आधी संमती. कुणाच्या दुःखाचे, आजारपणाचे किंवा लहान मुलाचे चित्र विचारल्यावाचून लोकांपुढे मांडू नये.

हल्ली नुसते शब्द लिहिले की यंत्र चित्र तयार करून देते, मग छायाचित्रकार कशाला, असाही प्रश्न निघतो. काही कामे त्या यंत्राकडे जातील, हे मान्य केले पाहिजे. पण आमच्या घरी आजोबांचा एकच फोटो आहे. आमच्या घरात त्या काळी वडीलधाऱ्यांना तसबिरींची आवड नव्हती. हजला जाण्यासाठी पारपत्र काढावे लागले, तेव्हा नाइलाजाने ते कॅमेऱ्यापुढे बसले. कपाळाला आठी, टोपी किंचित तिरकी. यंत्र वाटेल तितके सुरेख म्हातारे काढून देईल. त्या दिवशी त्या खुर्चीवर आमचे आजोबा बसले होते, याची साक्ष मात्र तो दोन इंचांचा कागदच देतो.

ही साक्ष किती नाजूक असते, हे याच स्मरणिकेच्या कामात दिसून आले. न्यासाच्या कपाटात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जुने फोटो निघाले. संस्थापकांच्या एका समूहचित्रात सतरा माणसे आहेत. पैकी नऊ जणांचीच नावे आम्हांस लावता आली. तेव्हा आम्ही त्या मुलीला बोलावले. तिने खिडकीच्या उजेडात प्रत्येक फोटोची स्वच्छ नक्कल घेतली, क्रमांक दिले, आणि आपल्यातील चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका आजींकडे ते सारे घेऊन गेली. तीन दुपारी ती त्यांच्याजवळ बसली. आणखी पाच नावे मिळाली. बोलता बोलता आजींची जी चित्रे तिने घेतली, त्यांतलीच पंधरा आता तिच्या पोर्टफोलिओत आहेत. ती पाहिल्यावर तिच्या वडिलांनी बराच वेळ काही विचारले नाही, मग एवढेच म्हणाले, “अर्जाची शेवटची तारीख कधी आहे?”

शिष्यवृत्ती समितीचा निर्णय व्हावयाचा आहे. समितीस आमची नम्र विनंती की, ‘इतर’ या रकान्यातील अर्जही तितक्याच आस्थेने वाचावेत. रोख मदत शक्य नसेल, तर न्यासाने एक चांगला कॅमेरा घेऊन तो गरजू विद्यार्थ्यांना ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे वापरावयास द्यावा.

आणि वाचकांस एक विनंती. त्या समूहचित्रातील तिघे अद्याप अनोळखी आहेत. चित्र कार्यालयात लावले आहे; येऊन पाहून जावे. घरी गेल्यावर आपले जुने फोटोही एकदा बाहेर काढावेत, आणि ओळखणारी माणसे आहेत तोवर प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, नावे लिहून ठेवावीत. शाईचे पेन वापरू नये; शाई पुढच्या बाजूस उमटते.