बरोबरच्या चिन्हांची रांग

लांबलचक सिद्धता वाचताना डोळा बरोबरच्या चिन्हावर खिळलेला असतो. ती चिन्हं एकाखाली एक आली, की वरच्या ओळीतून खालच्या ओळीत येताना काय बदललं ते चटकन दिसतं. ती मागेपुढे सरकली, की प्रत्येक पायरीला शोधाशोध करावी लागते. म्हणून ही मांडणी मी गणिताचाच भाग मानतो.

ही रांग ज्युपिटर नोटबुकात लावता येते; फर्नांडो पेरेझ यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या आयपायथन या प्रकल्पातून वाढलेलं हे सॉफ्टवेअर. एका चौकटीत कोड, दुसरीत मजकूर आणि समीकरणं. समीकरणं लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या पद्धतीनं लिहायची: 'अलाइन' ही रचना उघडायची, प्रत्येक ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या लगेच आधी & टाकायचं आणि ओळ तोडायला दोन उलट्या तिरक्या रेघा द्यायच्या. & पडद्यावर उमटत नाही. त्याच्या डावीकडची राशी उजव्या कडेला टेकते, उजवीकडची डाव्या कडेला, आणि मधल्या सीमेवर चिन्हांची रांग लागते. त्यासाठी आधी सगळ्या ओळी वाचाव्या लागतात, कारण सर्वांत रुंद डावी बाजू कळल्याशिवाय पहिली ओळसुद्धा जागेवर बसवता येत नाही.

ही रीत डोनाल्ड नूथ यांच्या टेकमधली. 1977 मध्ये 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं त्यांच्या हाती आली. ती पानं त्यांना इतकी कुरूप वाटली, की अक्षरजुळणीची प्रणाली त्यांनी स्वतःच लिहायला घेतली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढे तिच्यावर लाटेक उभारलं. लाटेकमधली समीकरणांची जुनी रचना चिन्हं रांगेत आणायची, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना नको तेवढी जागा सोडायची. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अलाइननं हा दोष काढला. त्यात &नंतर एक रिकामा घटक आपोआप बसतो; त्यामुळे बरोबरचं चिन्ह दोन राशींच्या मध्ये आहे असं धरलं जातं आणि अंतर नेहमीइतकंच पडतं. कुणाला कधीच न दिसणाऱ्या त्या घटकाचं मला फार अप्रूप आहे.

नोटबुक चालतं ब्राउझरमध्ये, आणि तिथे टेकचं काम मॅथजॅक्स हा प्रोग्राम करतो. पण आजूबाजूचा मजकूर मार्कडाउन या मजकूर सजवायच्या साध्या पद्धतीत असतो, आणि उलटी तिरकी रेघ मार्कडाउनलाही स्वतःच्या कामासाठी हवी असते. जोडीतली एक रेघ त्यानं गिळली, तर ओळ तुटतच नाही. यावर नोटबुकाचा तोडगा सुरेख आहे: समीकरणं आधी उचलून बाजूला ठेवायची, त्यांच्या जागी खुणा सोडायच्या, मजकुरावर मार्कडाउन चालवायचं आणि मग समीकरणं जशीच्या तशी परत आणायची.

रोजच्या वापरात दोन गोष्टी फार उपयोगी पडतात. डावी बाजू प्रत्येक ओळीत पुन्हा लिहायची गरज नाही; ओळ थेट &नं सुरू करता येते. आणि ओळीच्या शेवटी आणखी दोन & देऊन त्या पायरीचं कारण लिहिलं, तर कारणांचाही वेगळा सरळ स्तंभ तयार होतो. विद्यार्थी अडतो तो बहुधा त्या कारणांपाशीच.