बोधनिक वर्तनोपचार

रुग्णाच्या विचारांत व वर्तनात संवादाच्या साहाय्याने बदल घडवून अवसाद, चिंता इ. मनोविकृतींवर केला जाणारा उपचार. उपदेश किंवा सांत्वन यांहून तो भिन्न आहे. कारण भेटींची संख्या, प्रत्येक भेटीचे उद्दिष्ट आणि घरी करावयाचा अभ्यास ही त्यात पूर्वनियोजित असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. भावनिक क्लेश केवळ घटनेमुळे नव्हे, तर तिच्याविषयीच्या अविवेकी समजुतींमुळे उद्‌भवतात, हे तिचे मुख्य सूत्र होय. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी तिचा प्रसार केला. मूळचे मनोविश्लेषक असलेले ॲरन बेक (१९२१–२०२१) यांना अवसादग्रस्तांच्या विचारांत स्वतः, जग व भविष्य यांविषयीचा नकार सातत्याने आढळला. त्यावरून १९६० नंतरच्या दशकात त्यांनी बोधनिक उपचार विकसित केला.

‘मला काहीच जमत नाही’ यासारखा विचार रुग्ण लिहून ठेवतो आणि उपचारकाच्या मदतीने त्याच्या बाजूचा व विरुद्ध पुरावा तपासतो. अवसादात माणूस कामे व भेटीगाठी टाळतो. त्यामुळे समाधानाचे प्रसंग घटतात व खिन्नता वाढते. हे चक्र तोडण्यासाठी लहानलहान कृती ठरवून दिल्या जातात. चिंतेत भीतिदायक प्रसंग टाळल्याने तात्पुरते बरे वाटते, पण भीती टिकून राहते. म्हणून रुग्णास अशा प्रसंगांना क्रमाक्रमाने सामोरे जाण्यास शिकविले जाते. उदा., गर्दीस भिणारा रुग्ण प्रथम बसथांब्यावर उभा राहतो, मग एक थांबा प्रवास करतो.

तीव्र अवसादात बहुधा औषधांचीही गरज असते. आत्महत्येचे विचार येत असल्यास मनोविकारतज्ज्ञाची मदत तत्काळ घेणे आवश्यक ठरते.

तज्ज्ञांची उणीव ही भारतातील मुख्य अडचण होय. या दृष्टीने विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी महत्त्वाची आहे. तीव्र अवसादाच्या रुग्णांना मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित अशा स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत मुख्यतः कृतींवर भर देणारा उपचार दिला. तीन महिन्यांनंतर त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली. केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. योग्य प्रशिक्षण व देखरेख असल्यास हा उपचार गावच्या आरोग्य केंद्रातही देता येतो, हे यावरून स्पष्ट होते.