पद्मिनीचा पत्रा: गंजाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘जुन्या गाडीचं लोखंड दणकट होतं, त्याला काही होत नाही.’ ठाण्यात, डोंबिवलीत ज्यांच्या घरी वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे, त्यांच्याकडे हे हमखास ऐकायला मिळतं. पत्रा जाड होता हे खरं. पण आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, तो त्या पत्र्यावर नव्हता. जाड पत्र्याला भोक पडायला वेळ लागतो, एवढाच काय तो फरक. गंज धरायला हवा आणि पाणी एवढंच पुरतं; क्षार मिळाले की तो झपाट्याने पसरतो. आपल्याकडे चार महिने हवेतला ओलावा हटत नाही. ठाण्याला खाडी आहे, डोंबिवलीला एमआयडीसीची हवा आहे. त्यात बोअरिंगच्या खारट पाण्याने गाडी धुतली जात असेल तर विचारायलाच नको.

दुसरा समज मात्र जिवावर बेतणारा आहे: ‘खालचा पत्रा सडला तरी चासी भक्कम आहे ना!’ पद्मिनीला वेगळी चासी नाही. जीपमध्ये खाली पोलादी सांगाडा असतो आणि बॉडी त्यावर बसवलेली असते. फियाट 1100 चं नवं मॉडेल 1953 साली आलं तेच एकसंध बॉडीचं, आणि पद्मिनी त्याच घराण्यातली. फ्लोअर, दारांखालचे सिल आणि खांब मिळूनच गाडीचा भार पेलतात. सिल आतून पोकळ असतो, त्यामुळे चिखल-पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरचा रंग तोवर चकचकीत असतो.

तपासायचं असेल तर कोणतंही यंत्र लागत नाही. दार उघडून हळूच वर उचला. बिजागरी ठीक असूनही खांबच हलला तर दुखणं खोल आहे. मग गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि तेच दार लावून बघा. आधी सहज लागणारं दार आता घासत असेल, तर बॉडी वाकते आहे. सिल कापायची वेळ आली की चांगला डेंटर आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे चौकोनी पाइप टाकून ती जखडतो, दोन्ही बाजू एकदम कापत नाही आणि पक्कं वेल्डिंग करण्याआधी दार लावून फट बघतो. हे न करता कापलेली गाडी मधून खचते आणि मग तिची दारं कधीच नीट लागत नाहीत. माझ्या मते डेंटर निवडताना दर विचारण्याआधी ‘चौकट कशी धरणार?’ हे विचारावं.

‘पुट्टी भरून रंग मारला की काम झालं’ हा समज सगळ्यात जास्त पैसे बुडवतो. रंगाखाली फुगवटा दिसतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि रंगाला वर ढकलतो. बहुतेक वेळा तो आतल्या बाजूने आलेला असतो. पुट्टी फक्त पृष्ठभाग सारखा करण्यासाठी असते, तीही पातळ. भोकावर थापलेली पुट्टी ओल धरते आणि पाठीमागे गंज चालूच राहतो. गाडी विकत घेताना फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पुट्टीचा जाड थर आहे. गंजावर लावायचं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण वरवरच्या गंजावर चांगलं काम करतं, पण खाल्लेला पत्रा त्याने परत येत नाही. तिथे चकाकतं लोखंड लागेपर्यंत कापून नवा तुकडाच जोडावा लागतो. पातळ पत्र्याला गॅसपेक्षा सीओटू वेल्डिंग बरं, तेही थोडं थोडं, जागा बदलत. नाहीतर उष्णतेने पत्रा लहरी धरतो.

प्लॅस्टिकचं कव्हर आणि खालून फासलेलं डांबर, दोन्हींचा भरवसा फसवा आहे. कव्हराखाली ओल कोंडते आणि डांबराखाली राहिलेला गंज दिसेनासा होतो. त्यापेक्षा दारांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. रंगकामात ती नेहमी बुजतात. सिलच्या पोकळीत मेण किंवा गंजरोधक तेल फवारून घ्या.

‘पॅनल आता मिळत नाहीत’ हेही पूर्ण खरं नाही. गाडीचा मूळ आकार वर्षानुवर्षं फारसा बदलला नाही, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पद्मिनीचे मडगार्ड, बोनेट, दारं शोधता येतात. निवडीला वाव असेल तर देशावरच्या कोरड्या हवेतल्या गाडीचा पत्रा घ्या. फ्लोअरचे तुकडे मात्र चांगला कारागीर हाताने घडवतो.

राहिला कायदा. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हा नियम महाराष्ट्रातल्या खासगी गाड्यांना नाही. तपासणीत पास झाली, हरित कर भरला की दर वेळी पाच वर्षांची नोंदणी मिळते. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला विंटेज नोंदणीही घेता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा आणि अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून कापण्याआधी, कापताना आणि जोडल्यावर प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेवा, बिलं जपा, आणि चासी नंबर कोरलेल्या पत्र्याला हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करा.