मीरा रोडचा पास, चंद्रापर्यंतचा प्रवास

चर्चगेट ते मीरा रोड अंतर साधारण 40 किलोमीटर. जाऊन-येऊन 80. वर्षाला कामाचे 300 दिवस धरले तर 24,000 किलोमीटर होतात, म्हणजे वीस महिन्यांत पृथ्वीला एक प्रदक्षिणा. हाच हिशेब पुढे नेला तर 32 वर्षांच्या नोकरीत माणूस चंद्रावर जाऊन परत येण्याइतकं अंतर कापतो, आणि त्यातलं बरंचसं उभ्याने. एका बाजूला तासभर धरला तरी आयुष्यातले 800 अखंड दिवस-रात्र लोकलमध्ये जातात. मीरा-भाईंदरमध्ये हा प्रवास पुरा करून निवृत्त झालेली माणसं इमारती-इमारतींत भेटतील. नव्याने राहायला आलात तर आधी त्यांच्याशी बोला.

हे शहर वाढलं तेही असंच अफाट वेगाने. 1985 मध्ये इथे नगरपालिका झाली, 2002 मध्ये महापालिका. 1991 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाख होती, 2001 मध्ये पाच लाखांच्या पुढे गेली आणि 2011 मध्ये आठ लाखांवर. त्यातल्या पहिल्या दहा वर्षांत, जन्मलेली आणि बाहेरून आलेली मिळून, रोज सरासरी नव्वदहून अधिक माणसं वाढली. एवढ्या सगळ्यांसाठी रेल्वेची स्टेशनं मात्र दोनच, मीरा रोड आणि भाईंदर.

1867 च्या एप्रिलमध्ये विरार ते बॅक बे अशी पहिली लोकल धावली तेव्हा दिवसाला एकच फेरी होती. आज पश्चिम रेल्वेवर लोकलच्या सुमारे 1,400 फेऱ्या होतात आणि तरीही गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात. कॅरम बोर्डाहून जेमतेम मोठी जागा, आणि तीत पंधरा माणसं!

म्हणून नव्या माणसाने पहिल्या आठवड्यातच भाईंदरहून सुटणाऱ्या लोकलच्या वेळा पाठ कराव्यात. विरारहून येणारी गाडी मीरा रोडला पोचते तेव्हा आधीच भरलेली असते. मीरा रोडचे कितीतरी लोक सकाळी उलटे भाईंदरला जाऊन तिथून बसून येतात. तुम्हालाही तसं करायचं असेल तर पास भाईंदरपासूनचाच काढा, नाहीतर दंड भरावा लागेल. संध्याकाळी घरी येताना विरार फास्ट टाळा आणि भाईंदर लोकल धरा. विरार गाडीत दारापर्यंत पोचणंच कठीण असतं, आणि त्यात तिथल्या प्रवाशांचा दोष नाही. त्यांना अजून वसईची खाडी ओलांडायची असते. दहिसर सोडलं की दाराकडे सरकायला लागा, पुढे कोण उतरणार ते विचारा. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा देण्याची इथली रीत आहे. ती मागताना संकोच नको आणि देतानाही नको.

दाराला लटकू मात्र नका. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात: रूळ ओलांडताना, गाडीतून पडून. भरलेली गाडी सोडून पुढच्या गाडीसाठी रोज पाच मिनिटं थांबलात, तर 32 वर्षांत त्याचे 33 दिवस होतात. घरी सुखरूप पोचण्यासाठी तेवढे दिवस द्या.